अंगठ्याखालचं बटण

मुरबे आणि सातपाटी यांच्यामधली खाडी वर्षानुवर्षं गाळानं भरत आली आहे. उधाणाच्या भरतीला पाणी दोन्ही काठांना लागतं. तीच खाडी ओहोटीला पाहावी तर मधली अरुंद वाट सोडून सगळा चिखल. आमच्या या किनाऱ्यावर उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार-पाच मीटरचा असतो. समुद्रावरून आलेल्या मोठ्या बोटी म्हणून पाण्याची वाट बघत खाडीबाहेर नांगर टाकून थांबतात. मासळी बर्फात, माणसं दमलेली, घरं समोर दिसतायत, पण आत शिरता येत नाही. या बोटींचं इंजिन पोटात असतं, शाफ्ट तळातून एका ठरलेल्या कोनात बाहेर निघतो आणि त्याच्या टोकाला पंखा. पाणी कमी झालं म्हणून तो पंखा कुणाला वर उचलता येत नाही.

माझं काम दुसऱ्या जातीच्या बोटींचं. फायबरची हलकी बोट आणि तिच्या मागच्या फळीला बाहेरून लटकवलेलं आउटबोर्ड इंजिन. आधी मुंबई बंदरात, नंतर अलिबाग-काशिदच्या बाजूला अशा बोटी चालवल्या. आता गावी राहून इंजिनं दुरुस्त करतो, आणि स्पीडबोटीवर नोकरीला जायचं असलेली पोरं येतात त्यांना शिकवतो. या कामात माझं एक मत पक्कं झालंय. पोराच्या हातात आपण आधी वेग देतो, म्हणजे लिव्हर, आणि त्याच लिव्हरच्या मुठीवरचं ट्रिमचं, म्हणजे इंजिनाचा कोन बदलणारं बटण ‘ते नंतर बघू’ म्हणून सोडून देतो. क्रम उलटा हवा. बोट पाण्यात कशी बसलीय हे ज्याच्या अंगठ्याला कळत नाही, त्याच्या हातात वेग देऊ नये.

गावात ८ किंवा ९.९ हॉर्सपॉवरची छोटी आउटबोर्ड पुष्कळ आहेत. त्यांना हे बटण नसतं. ब्रॅकेटला भोकं आणि त्यात एक पिन. पिन कुठल्या भोकात घालाल तो कोन. इंजिन वर घ्यायचं तर कमरेत वाकून हातानं ओढायचं. पण ६० हॉर्सपॉवरचं इंजिन शंभर किलोच्या वर जातं. ते चालत्या बोटीत हातानं हलवायचा प्रश्नच नाही, तिथं तेलाचा दाब लागतो.

ही यंत्रणा एकदा उघडून पाहावी, मग ती पाण्यावर वेगळी समजते. इंजिन ज्या ब्रॅकेटनं फळीला धरलेलं असतं, त्याच्या आत एक छोटी विजेची मोटर, एक पंप, तेलाची लहानशी टाकी आणि सिलिंडर असतात. बटण वर दाबलं की मोटर एका दिशेला फिरते, तेल सिलिंडरच्या दांड्यांना बाहेर ढकलतं आणि इंजिनाचा पंखा बोटीपासून मागे आणि वर सरकतो. खाली दाबलं की मोटर उलटी फिरते आणि पंखा फळीकडे आत येतो. मोठ्या इंजिनांत बहुधा दोन आखूड, जाड दांडे आणि मधोमध एक लांब दांडा दिसतो. जाड दांडे ट्रिमचे. पहिले साधारण २० अंश त्यांच्या जोरावर होतात. पंखा पूर्ण ताकदीनं पाणी ढकलत असतानाही ते इंजिन हलवू शकतात, म्हणून ते सावकाश चालतात. त्यापुढे ७० अंशांच्या आसपासपर्यंत मधला दांडा एकटा काम करतो, तो टिल्ट. तिथं चाल जलद होते आणि ताकद कमी. बटण दाबून धरलं तर हा सांधा कानाला कळतो, मोटरची घरघर एकदम हलकी होते. पोरांना मी बोट किनाऱ्यावर असतानाच डोळे मिटून हा आवाज ओळखायला लावतो. ट्रिम कुठं संपला आणि टिल्ट कुठं सुरू झाला हे काटा बघून कळण्यापेक्षा ऐकून कळलेलं बरं. खाऱ्या हवेत ट्रिमचा काटा सगळ्यांत आधी दगा देतो.

आता पाण्यावर. निघताना पंखा पूर्ण आत घ्यायचा. असं केलं की पंख्याचा जोर बोटीची मागची बाजू उचलून धरतो, नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, खाली राहते आणि बोट आपल्याच लाटेवर लवकर चढते. पंखा बाहेर असताना जोरात लिव्हर मारली तर मागची बाजू पाण्यात रुतते, नाळ आभाळाकडे जाते, पेट्रोल जळतं आणि बोट काही पाण्यावर येत नाही. पेट्रोलचं एक वेळ सोडून देऊ. नाळ वर गेली की चालवणाऱ्याला पुढचं काही दिसत नाही, आणि आमच्या समुद्रात पुढचं न दिसणं परवडत नाही. डोल जाळ्यांच्या कवी, म्हणजे रोवलेले खांब, आहेत, बोये आहेत, रापलेली होडी घेऊन एकटाच मासे धरत बसलेला म्हातारा आहे. तो उठून बाजूला होऊ शकत नाही. म्हणून निघतानाची ती पहिली काही सेकंदं मी पोराच्या शेजारी उभा राहतो आणि त्याच्या अंगठ्याकडे बघतो, समुद्राकडे नाही.

बोट पाण्यावर आली की लिव्हर थोडी मागे घ्यायची आणि मग बटणाला वरच्या बाजूला टिचक्या द्यायच्या. दाबून धरायचं नाही. एक टिचकी, थांबायचं, बघायचं. दुसरी टिचकी, पुन्हा थांबायचं. पहिल्या एक-दोन टिचक्यांत काही झालं असं वाटत नाही. मग दोन्ही बाजूंनी उडणारं पाणी जिथून फुटतं ती जागा हळूहळू मागे सरकायला लागते. लिव्हर तिथंच असते तरी आरपीएमचा काटा जरा वर चढतो. सुकाणूचं चाक हाताला हलकं लागतं. बोटीचा तळ कमी भिजतोय, पाणी तिला कमी धरतंय, म्हणून तेवढ्याच पेट्रोलमध्ये ती जास्त पळते. माझा भाचा शिकत होता तेव्हा हे सगळं होईपर्यंत थांबायचा धीर त्याला नव्हता. मी त्याला म्हटलं, “बाबू, तू बटणाला हुकूम सोडतोयस. बोटीनं काय उत्तर दिलं ते तरी ऐक.” मग त्यानं चाकावरची पकड सैल केली, आणि पुढच्या टिचकीला त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की चाक हलकं झालेलं त्याला जाणवलं. तिथून पुढं मला फार बोलावं लागलं नाही.

आणखी वर नेलं तर काय होतं तेही दाखवावं लागतं, शांत पाण्यात आणि मोकळ्या जागी. नाळ एका लयीत वर-खाली आपटायला लागते. त्यानंतरही वर नेत राहिलात तर पंखा पाण्याऐवजी हवा ओढायला लागतो. इंजिनाचा आवाज एकदम बारीक आणि मोकाट होतो, काटा झरकन चढतो आणि बोटीचा वेग मात्र पडतो. अशा वेळी नवखा माणूस लिव्हरशी झगडतो. नाळ आपटायला लागली तर आणखी वेग देऊन पुढे निघून जाऊ बघतो, वाऱ्यासारखा आवाज झाला तर घाबरून लिव्हर एकदम मागे ओढतो आणि मागून येणारी स्वतःचीच लाट बोटीत घेतो. खालच्या बाजूला एक-दोन टिचक्या दिल्या की दोन्ही दुखणी थांबतात.

समुद्र कसा आहे त्यावर हे सगळं बदलतं. दुपारनंतर पश्चिमेचा वारा धरला की बाहेर जाताना लाट समोरून येते. तेव्हा पंखा आत, नाळ खाली, म्हणजे बोटीचा धारदार पुढचा भाग लाट कापतो आणि पाठीचे मणके वाचतात. परत येताना लाट मागून येते. तेव्हा नाळ थोडी वर हवी, नाहीतर बोट लाटेवरून उतरताना पुढच्या लाटेच्या पाठीत तोंड खुपसते आणि मागची बाजू बाजूला फिरायला बघते. हे सगळ्यांत वाईट. एकाच दिवशी जाताना एक कोन आणि येताना दुसरा, आणि दोन्ही बरोबर. वळताना मात्र नेहमी आधी एक टिचकी खाली, मग चाक. वर ठेवून जोरात वळलात की पंखा हवा ओढतो आणि ऐन वळणात पकड सुटते. आणि मनगटाला किंवा जॅकेटला लावायची ती लाल दोरी, माणूस पडला तर इंजिन बंद करणारी, ती बोटीतल्या खुंटीला अडकवून ठेवलेली दिसली की मी त्या दिवशी शिकवत नाही.

ट्रिमनं सगळं सुधारता येतं अशी एक समजूत पसरलीय, ती मला मोडायची आहे. मागे चार क्रेट, बर्फाची पेटी आणि दोन धिप्पाड माणसं बसवायची आणि नाळ खाली येत नाही म्हणून बटण दाबत राहायचं, यात काही अर्थ नाही. आधी वजन सारखं लावायचं, पेट्रोलचे कॅन पुढे घ्यायचे, माणसांना मध्यावर बसवायचं. माझे काका तांडेल होते, शिडाच्या होड्या त्यांनी चालवलेल्या. त्यांच्या काळी बटण नव्हतं, वाऱ्याप्रमाणे माणसं इकडून तिकडे सरकवायची. ते आमच्या बोटीत पाय टाकताच आधी सामान हलवायला लावत. आजही बोटीत चढल्यावर माझा हात आधी सामानाला लागतो, नंतर किल्लीला.

हे झालं बाहेरचं. मुरब्याच्या माणसाला बटणाचा खरा उपयोग खाडीत शिरताना कळतो. पाणी कधी मिळेल याचा हिशेब आमच्याकडे जुना आहे: तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी चढतंही कमी आणि उतरतंही कमी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा ते झपाट्यानं चढतं आणि तेवढ्याच झपाट्यानं काढता पाय घेतं. आता मोबाइलवर मिनिटांनिशी वेळ मिळते आणि पोरं तीच बघतात, काही हरकत नाही. पण गाळ कुठं सरकलाय हे मोबाइलला कळत नाही. पावसाळ्यानंतर वाट बदललेली असते.

ओहोटी लागल्यावर आत येताना मी आधी वेग कमी करतो, मग पंखा उचलतो. या दोन गोष्टींची अदलाबदल करायची नाही. ट्रिमच्या टप्प्यात असेपर्यंत ब्रॅकेटचे दोन्ही बाहू इंजिनाला बाजूनं धरून असतात. टिल्टच्या टप्प्यात गेल्यावर तो आधार सुटतो, म्हणून तिथं फक्त रांगत चालायचं. उचलायचंही किती? इंजिनाच्या पायाला जिथून थंड होण्यासाठी पाणी आत जातं त्या जाळ्या पाण्याखाली राहतील इतकंच. मागे वळून इंजिनातून पडणारी पाण्याची बारीक धार बघत राहायचं. ती धार तुटली म्हणजे एकतर आपण जास्त उचललंय किंवा चिखल आत गेलाय. दोन्हींत इंजिन लगेच बंद. नाळीवर एक माणूस बांबू घेऊन उभा, तो पाणी मोजून ओरडत असतो. बांबू गुडघ्याएवढ्या पाण्यात चिखलाला लागला की इंजिन बंद करायचं, पंखा पूर्ण वर घ्यायचा आणि बांबूनं बोट रेटायची. रिव्हर्स मारून निघायचा मोह अनेकांना होतो. मागे मारलं की पंखा सगळा चिखल पुढे, आपल्याच अंगावर ढकलतो, तो जाळ्यांतून आत जातो आणि पाण्याच्या पंपाच्या रबरी पात्या खाऊन टाकतो.

या किनाऱ्यावर आता मोठं बंदर येऊ घातलंय आणि मच्छीमारांचा त्याला विरोध आहे. त्या चर्चेत मोठ्या जहाजांसाठी समुद्र किती खोल करावा लागेल याचे आकडे येतात. ते ऐकताना मला बांबूनं मोजलेलं आमचं पाणी आठवतं. खाडीतला गाळ काढा ही मागणी जुनीच आहे आणि तिला लागणारी खोली कितीतरी कमी.

दुरुस्तीला येणाऱ्या इंजिनांत सगळ्यांत जास्त तक्रार एकच: रात्री वर करून ठेवलं होतं, सकाळी खाली आलेलं होतं. एक बोट अशीच आली. मालकानं संध्याकाळी भरतीला बोट बांधली, पंखा पूर्ण वर केला आणि घरी गेला. रात्रीतून इंजिन तसूतसूनं उतरलं. पहाटे पाणी गेलं तेव्हा बोटीचं मागचं वजन इंजिनाच्या पायावर, आणि पाय चिखलात रुतलेला. पाण्याच्या जाळ्या गाळानं लिंपलेल्या. खालचं पातं वाकलं नव्हतं हे त्याचं नशीब.

मी आधी ब्रॅकेटच्या बाजूचं ते भोक पुसून घेतलं. तिथं आत एक स्क्रू असतो. बॅटरी गेली, मोटर जळली तर तो सैल करायचा, तेल एका बाजूकडून दुसरीकडे मोकळं होतं आणि इंजिन हातानं वर-खाली करता येतं. सैल असला की दाब धरत नाही. याचा स्क्रू कुणीतरी मागच्या दुरुस्तीत सोडला होता आणि पूर्ण आवळला नव्हता. तो आवळला. पण तेवढ्यावर मी सोडत नाही. इंजिन पूर्ण वर घेतलं, आधाराचा खटका लावला, कारण नुसत्या तेलाच्या भरवशावर लटकलेल्या इंजिनाखाली मी हात घालत नाही आणि कुणाला घालू देत नाही. मग टाकीचं झाकण काढलं. तेलाची पातळी इंजिन वर असतानाच बघायची असते. खाली असताना झाकण उघडलं तर दाबानं तेल अंगावर येतं. आतलं तेल दूध घातलेल्या चहासारखं झालेलं होतं. म्हणजे पाणी शिरलेलं, म्हणजे सील गेलेलं. चिंधीनं मधला दांडा पुसला तर चकचकीत पृष्ठभागावर नखाला लागतील असे बारीक खड्डे. मिठानं खाल्लेला दांडा दर वेळी आत-बाहेर होताना सीलला थोडं थोडं कापत गेला होता. नुसतं नवं सील टाकून भागणार नव्हतं, दांडाही बदलावा लागला.

हे टाळता येतं, आणि फार काही करावं लागत नाही. बोट बांधली की पंखा पाण्याबाहेर, नाहीतर पायाला कवचांची खपली धरते आणि गंजाला आमंत्रण. पण पंखा वर म्हणजे दांडे बाहेर, खाऱ्या वाऱ्यात उघडे. म्हणून गोड्या पाण्यानं धुऊन दांडे कोरड्या फडक्यानं पुसायचे आणि खटका लावून ठेवायचा, म्हणजे रात्रभर दाब सीलवर राहत नाही. ब्रॅकेटखालचा जस्ताचा तुकडा झिजत असतो, तो झिजण्यासाठीच असतो. त्याला रंग मारायचा नाही. बटण दाबल्यावर नुसता ‘टक्’ असा आवाज येऊन काहीच हललं नाही तर आधी बॅटरीची टोकं आणि वायरींचे जोड बघायचे. दहांतल्या बहुतेकांना तिथं हिरवी बुरशी चढलेली असते आणि लोक मोटर बदलायला निघालेले असतात.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत माझ्याकडे इंजिनं सुकायला ठेवलेल्या जाळ्यांशेजारी ओळीनं उभी राहतात, आणि तेव्हाच हातात वेळ असतो. तेव्हाच पोरंही मोकळी असतात.

सातपाटीला मत्स्यव्यवसाय विभागाचं प्रशिक्षण केंद्र आहे. तिथं सहा महिन्यांत मासेमारी, नौकानयन आणि डिझेल इंजिनाची देखभाल शिकवतात, आणि या पट्ट्यातली कितीतरी पोरं तिथून शिकून बोटीवर गेली. पण पोरांना आता जी नोकरी मिळते ती किनाऱ्यावरच्या पर्यटनाच्या स्पीडबोटींवर, बंदरांतल्या छोट्या बोटींवर, आणि तिथं मागं आउटबोर्ड लागलेलं असतं. त्यांना शिकवायला फार खर्च नाही. एक पाण्याचं पिंप, चालू स्थितीतलं एक जुनं इंजिन, बॅटरी, आणि एक तिन्ही दांडे उघडून दाखवलेलं ब्रॅकेट. असं एक भंगारातलं ब्रॅकेट मी कापून, साफ करून ठेवलंय, सिलिंडर उभा चिरून, म्हणजे सील कुठं बसतं ते दिसेल. पावसाळ्यात त्यावर शिकवतो. कुणी मागितलं तर तसंच्या तसं द्यायला तयार आहे, त्याच्याबरोबर आठवड्याचे दोन दिवसही.